उसना दम

माझ्या आतेभावाला पाण्याखाली माझ्यापेक्षा जास्त वेळ राहता येत होतं. सत्तरी ओलांडल्यावर हे वाक्य लिहितानाही पोटात थोडं जळतंच. लोक बांधावरून भांडतात, वाटण्यांवरून सख्ख्या भावांची तोंडं पाहत नाहीत. मी एका माणसाच्या छातीत मावणाऱ्या हवेवरून जळलो. हवा फुकट असते, पण जळणाऱ्याला तेवढंही पुरतं.

आमचं गाव आरमोरीपासून बैलगाडीने अर्ध्या दिवसावर, जंगलाच्या कडेला. वर तळं आणि तळ्याखाली उतरत गेलेल्या धानाच्या बांध्या. तळ्याच्या पाळीत, अगदी तळाशी, पाणी सोडायचं भोक होतं. त्याला आम्ही तुडुम म्हणायचो. तुडुमात सागाचं जाड बूच ठोकलेलं असे. कधीकाळी त्या बुचाला पाण्याच्या वर येणारा दांडा होता म्हणे, वरून ओढला की काम झालं. तो मालगुजाराच्या राज्यातच कुजला. पुढे मालगुजारीही गेली. मग तळं सरकारचं, गावाचं की जुन्या धन्याचं, हेच कोणाला ठरवता येईना. ज्या तळ्याचा धनी ठरत नाही त्याचा दांडा कोण बसवणार? तेव्हा दर आश्विनात, धान निसवायच्या सुमाराला पावसाने पाठ फिरवली की एका माणसाने सब्बल, म्हणजे पहार, घेऊन दोन पुरुष खोल पाण्याखाली जायचं आणि फुगून बसलेलं बूच उचकटायचं.

हे काम एका दमात व्हावं लागे. मध्येच वर आलं तर वर्ष उलटं फिरतं, असं गावात पक्कं बसलं होतं. शिवाय बूच सुटलं की पाणी एकदम ओढ घेतं. माझ्या लहानपणी एक जण तसाच तुडुमाच्या तोंडाशी ओढला गेला, त्याला बाहेर काढला तो बांबूने.

म्हणून गाव त्या माणसाला दम उसना देई. उतरणारा पाळीच्या पायथ्याशी गुडघाभर पाण्यात उभा राही आणि वर पाळीवर सगळं गाव, म्हातारेकोतारे, लेकुरवाळ्या, आमच्या शेजारच्या गोंडटोल्यातले लोकसुद्धा. एक म्हातारा मांडीवर थाप मारी आणि त्या ठेक्यावर सगळे मिळून मोठ्याने श्वास घेत आणि सोडत. हूं आत, हा बाहेर. उतरणाऱ्यानेही त्यांच्याबरोबर तसेच श्वास घ्यायचे, म्हणजे सगळ्यांचा दम त्याच्या छातीत जमा होतो. शंभर-दीडशे माणसं एका तालात धापा टाकताहेत, आणि त्याखेरीज तळ्यावर दुसरा आवाज नाही. ज्याच्यावर गावाचा जीव जास्त, त्याला दम जास्त वेळ मिळे. माझ्या आतेभावाला फार वेळ मिळायचा. माणसं थकून लाल होईपर्यंत थांबत नसत.

आधी बूच माझे वडील काढायचे. एका वर्षी खाली त्यांच्या कानाचा पडदा फाटला आणि ते काम सुटलं. त्यांच्यानंतर घरातलाच माणूस जाणार हे ठरलेलं, कारण पहिलं पाणी त्या घराच्या बांधीत जायचं. घरात दोन वाढती पोरं होती. एक मी, सख्खा मुलगा. दुसरा माझ्या आत्याचा मुलगा, माझ्याहून वर्षाने मोठा. आत्याचा नवरा वारला तेव्हा ती कडेवर लेकरू घेऊन भावाच्या दारात आली आणि तिथेच राहिली. वडिलांनी मला विचारलंसुद्धा नाही. एका संध्याकाळी जेवताना त्याच्याकडे पाहून म्हणाले, "आवंदा तू जाशीन." मी म्हणालो, मी जातो की. तर म्हणाले, "तू शीक. तुयं पाण्यात काय काम?"

माझ्या कानाखाली वाजवली असती तर परवडलं असतं. मी नापास, तो पास, असा त्याचा अर्थ मी घेतला.

त्यानंतरचे आश्विन माझ्यासाठी वनवासच होते. शाळा ब्रह्मपुरीला होती, मी वसतिगृहात राहायचो. दसऱ्याच्या सुट्टीत घरी यावं तर घर त्याच्याभोवती फिरत असे. बूच काढायच्या आधीचे काही दिवस माझी आई, माझी आई बरं का, त्याच्या छातीपाठीला मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल गरम करून चोळायची. त्याला बाहेर ओसरीत झोपू देत नसत, थंडी बाधेल म्हणून. तळ्यातली पहिली मरळ घरी आली की तिचं डोकं वडील स्वतःच्या हाताने त्याच्या ताटात वाढत. मला शेपटाकडचा तुकडा. आणि तो गधडा मान खाली घालून खायचा. माजला असता, चार शब्द फुशारकीचे बोलला असता, तर मला त्याला नावं तरी ठेवता आली असती. तेही सुख त्याने मला दिलं नाही.

आत्या तर बूच काढायच्या दिवशी पाळीच्या टोकाला एकटी उभी राहायची, पदर तोंडात धरून. दम द्यायलासुद्धा लोकांत येत नसे. मला वाटायचं, काय हा तोरा. पोरगा गाजतोय तर बाई लोकांत मिसळायलाही तयार नाही.

मॅट्रिकच्या वर्षी मी ठरवलं की दम वाढवायचा. वसतिगृहाच्या मागे पाण्याची दगडी टाकी होती, तिच्यात तोंड बुडवून बसायचो. सुरुवातीला छाती फुटायला यायची आणि मी खोकत बाहेर. मग गावच्या रिवाजाची आठवण झाली. आधी भराभर हूं-हा केलं आणि मग तोंड बुडवलं, तर चमत्कार झाला. श्वास घ्यावासाच वाटेना. जितका जास्त वेळ भाता चालवावा तितका जास्त वेळ पाण्यात बसता येई. बोटांना मुंग्या यायच्या, ओठांभोवती बधिर व्हायचं, एकदा तर हाताची बोटं आपोआप आत वळून ताठ झाली. मला वाटलं, दम भरतोय तो इथवर येऊन पोचला.

पुढे मी विज्ञान शिकलो आणि आयुष्यभर तेच शिकवलं, म्हणून मला आज सांगता येतं की तेव्हा माझ्या अंगात काय चाललं होतं. दम भरत नव्हता, रिकामा होत होता. साध्या श्वासावरसुद्धा आपलं रक्त प्राणवायूने जवळजवळ भरलेलंच असतं. भरल्या पायलीवर कितीही धान ओता, ते खालीच सांडणार. भराभर श्वास घेतल्याने छातीतली हवा थोडी ताजी होते, प्राणवायूची जमा तेवढ्यानेच किंचित वाढते. उलट रक्तातला कार्बन डायऑक्साइड मात्र धुऊन निघतो. आपण त्याला टाकाऊ म्हणतो, पण तो रक्तात मिसळला की रक्त किंचित आम्लाकडे झुकतं, आणि मानेच्या वर, मेंदूच्या देठाशी, या आम्लावर नजर ठेवणारी चौकी असते. श्वास कोंडला की हा वायू साठत जातो, आम्ल वाढतं आणि चौकीवरून हाकाटी होते: श्वास घे, घे, आत्ताच्या आत्ता घे. छाती फुटते आहे असं वाटतं ते या हाकाटीमुळे, प्राणवायू संपला म्हणून नव्हे. प्राणवायू कमी होत गेला तर माणसाला फारसं कळतही नाही.

तेव्हा जो आधी धापा टाकून हा वायू काढून टाकतो, त्याचं रक्त आम्लाच्या उलट, अल्काकडे झुकतं, म्हणून बोटं वळतात आणि मुंग्या येतात. तो पाण्यात गेला की आम्ल पुन्हा पहिल्या पातळीला यायलाच वेळ लागतो. तोवर प्राणवायू खर्च होत राहतो, हातापायांची मेहनत असेल तर फारच वेगाने. हाकाटी व्हायच्या आधीच शुद्धीचा दिवा विझतो. माझ्या गावाने शंभर-दीडशे छात्यांनी मिळून, अत्यंत प्रेमाने, राखणदाराला झोपवायचा रिवाज काढला होता. आणि ज्याच्यावर प्रेम जास्त, त्याचा राखणदार जास्त गाढ झोपणार.

हे शिकवताना मुलांना गंमत वाटायची. मला दरवर्षी त्या तासाला घाम फुटायचा.

त्या वर्षीच्या आश्विनात गाव पाळीवर जमलं, आतेभाऊ सब्बल घेऊन पाण्याकडे निघाला, आणि मी सदरा काढून त्याच्या पुढे जाऊन उभा राहिलो. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "आवंदा मी जातो."

लोक हसले. कोणीतरी म्हणालं, "मास्तर होनार हाय न तू? पाण्यातल्या मासोळ्याइले शिकवतो काय?" दुसरा म्हणाला, "जाऊ द्या न भाऊ. पोराची हौस हाय." हे वडिलांना उद्देशून. ते आत्याकडे पाहत होते, मग माझ्याकडे, मग पाण्याकडे. मला वाटलं, आता म्हणतील, शाब्बास. ते पाण्याकडेच पाहत राहिले.

आतेभावाने सब्बल माझ्या हातात दिली. इतक्या पटकन दिली की मला त्याचाही राग आला. वाटलं, याला खात्री आहे मी फजीत होणार याची.

मी गुडघाभर पाण्यात उभा राहिलो आणि वर तोंड करून म्हणालो, "याले देता त्याच्या दुप्पट दम द्या मले." पुन्हा हशा झाला, पण म्हाताऱ्याने मांडीवर थाप मारली आणि गाव सुरू झालं. खोटं कशाला बोलू, तसं सुख मी पुढे कशातच अनुभवलं नाही. सगळं गाव माझ्यासाठी धापा टाकत होतं. मी त्यांच्याबरोबर छातीचा भाता चालवत राहिलो, बोटांना मुंग्या आल्या, ओठ बधिर झाले, डोकं हलकं झालं. म्हातारा थांबू लागला तेव्हा मी हाताने खूण केली, आणखी. मग उतरलो.

खाली पाणी गढूळ हिरवं होतं. बूच हाताला लागलं. मी सब्बल फटीत घातली आणि दगडावर पाय रोवून जोर लावू लागलो. बूच हलेना. मला घाई नव्हती. श्वासाची आठवणही नव्हती. छाती शांत, डोकं शांत, मनात एकच विचार चालला होता की वरच्यांना आता कळत असेल खरा दम कोणाचा. मी अजून जोर लावला. पाणी काळपट होत गेलं, मला वाटलं ढग आला असेल. ते मला चांगलंही वाटलं. पुढचं मला माहीत नाही.

जाग आली तेव्हा मी पाळीवर पालथा होतो आणि कोणीतरी गुडघे टेकून माझी पाठ दाबत होतं. नाकातोंडातून तळं बाहेर येत होतं. पाठ दाबणारा आतेभाऊ होता. माझे बुडबुडे यायचे थांबले तसा तो कोणाला न विचारता, धोतरासकट, उसन्याचा एक श्वासही न घेता उडी मारून खाली आला होता म्हणे. माझे केस धरून त्याने मला वर आणलं. म्हणजे यातही तोच पुढे. मी अजून धड श्वास घेत नव्हतो आणि हे मला सुचलं, यावरून मी काय चीज होतो ते ओळखा.

तेवढ्यात घरून आई धावत आली. ती नैवेद्याचं करत होती, कोणीतरी जाऊन सांगितलं असणार. तिने मला पाहिलं, माझं तोंड दोन्ही हातांनी चाचपलं, मी खोकलो तेव्हा तिला कळलं की मी आहे. मग ती उठली आणि वडिलांवर ओरडली. आमच्या घरात तोवर तिचा आवाज चुलीच्या पलीकडे गेलेला मी ऐकला नव्हता.

"हा होता न घरात!" आतेभावाकडे बोट करून ती म्हणाली. "हा असून माया पोराले काऊन उतरू देल्लं तुमी?"

वडील खाली पाहू लागले. आत्या आता जवळ आलेली होती, चार हात अंतरावर. आईच्या लक्षात आलं तसं तिने बोट मागे घेतलं, पण ते वाक्य आता मागे घेता येणार नव्हतं.

वडिलांच्या कानाचा पडदा फाटल्यापासून ज्याला मी लाड समजत होतो, ते एका वाक्यात उलटं झालं. तेल, मरळीचं डोकं, ओसरीतली थंडी. तू शीक, तुझं पाण्यात काय काम. वडिलांनी दोन पोरांतून दमदार पोरगा निवडलाच नव्हता. गेला तर ज्याचं दुःख घराला सोसेल, तो निवडला होता. मला हे आवडायला हवं होतं. शेवटी मोलाचा मी ठरलो होतो. पण मला फसवल्यासारखं वाटलं, कारण ज्याचा इतकी वर्षं हेवा केला ती गोष्टच तिथे नव्हती.

आणि बूच अजून जागेवरच होतं. खाली बांध्यांतलं धान पोटरीत येऊन, कणीस बाहेर पडायच्या बेतात, पाण्यासाठी थांबलेलं. थोड्या वेळाने लोकांच्या नजरा हळूहळू आतेभावाकडे वळल्या. म्हाताऱ्याने मांडीवर थाप मारली आणि दोन-चार जणांनी श्वास सुरू केला, मग दहा जणांनी, मग बरेच.

तो माझ्या डोक्याशीच उभा होता. मी त्याला दम घेताना कधी इतक्या जवळून पाहिलं नव्हतं, नेहमी पाळीवरून पाठमोरा पाहायचो. त्याचं तोंड घट्ट मिटलेलं होतं. खांदे वरखाली करत होता, लोकांना दाखवण्यापुरते, पण श्वास घेत नव्हता. मानेची शीर फुगलेली आणि पायाच्या पोटऱ्या लटलटत होत्या. भीतीने त्याची छातीच अडकून बसायची, हे मला तेव्हा दिसलं. दरवर्षी असंच होत असणार. गावाने दिलेला दम त्याने कधी घेतलाच नव्हता, घेता येत नव्हता, आणि म्हणूनच तो दरवर्षी जिवंत वर आला. ते गणित मला फार पुढे सुटलं. त्या दिवशी फक्त पोटऱ्या दिसल्या.

तो वाकून सब्बल शोधू लागला. ती खाली तळाशीच राहिली होती. कोणीतरी दुसरी पुढे केली.

"नाई जात माया पोरगा," आत्या म्हणाली.

लोकांचे श्वास एकेक करत थांबले. वडील म्हणाले, "बाई, धान करपून जाईन."

"करपू दे."

"तू बी तेच धान खाते न, बाई."

वडील हे रागाने म्हणाले नाहीत, समजावल्यासारखं म्हणाले. ते अजून वाईट. आत्याने पदर कमरेला खोचला. मला वाटलं आता रडेल.

"नाई खात आजपासून," ती म्हणाली.

गावाने मग दोन दिवस खपून पाळ एका बाजूने फोडली. निम्मं धान हाती आलं. आत्या आणि आतेभाऊ त्या धानाची कापणी होण्याआधीच गाव सोडून गेले. माजरीकडे कोळशाच्या खाणीवर, आत नव्हे, वरच्या अंगाला टोपल्या वाहायला दोघं लागले, असं नंतर कानावर आलं. वडील त्यांना आणायला जाऊन आले, एकटेच परतले. आई पुन्हा कधी त्या विषयावर बोलली नाही आणि वडिलांनी मरळीचं डोकं पुढे कोणाच्याच ताटात वाढलं नाही.

पण त्या दिवशी पाळीवर, आत्याने 'नाई खात' म्हटल्यावर, आतेभाऊ मटकन खाली बसला. सब्बल बाजूला पडली. त्याने तोंड उघडून हवा आत ओढली, मोठ्याने, आणि रडायला लागला. माझ्यासाठीही आई ओरडली होती. पण तिला त्याचं काही मोजावं लागलं नव्हतं, दुसरीचं पोर पुढे केलं की तिचं भागत होतं. आत्याने डोक्यावरचं छप्पर देऊन टाकलं, तेही गावासमोर, एका दमात, आवाज न चढवता. मी तिथे पालथा पडलो होतो, नाकात गाळ, ज्याने मला वाचवलं तो हातभर अंतरावर रडत होता, आणि मला त्याचा असा हेवा वाटला की त्याच्या दमाचाही कधी वाटला नव्हता.